सवड

टॉडमॉर्डनच्या रेल्वेपुलाचं वेळापत्रक मी बांधलं.
चारशे अठरा कामं,
प्रत्येकाच्या पाठीला एक बाण,
आणि सगळे बाण जाऊन मिळतात
मार्चमधल्या एका शनिवार-रविवारला,
जेव्हा रेल्वे आम्हाला रूळ देणार होती
बावन्न तास.
त्रेपन्नावा नाही.

काही कामांना सवड असते.
कठड्याचा रंग चार दिवस उशिरा आला
तर कुणाचं काही अडत नाही.
पण एक ओळ असते लाल,
पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या बोल्टपर्यंत,
तिच्यात सवड शून्य.
तिथे एकाला शिंक आली
की अख्ख्या पुलाला सर्दी.

अ‍ॅक्रॉइड म्हणाला, उत्तरेच्या पायाला नऊ दिवस.
मी म्हटलं, सहा.
खणायचं इतकं, माणसं इतकी, यंत्र एक,
भागाकार केला की सहाच येतात.
तो चहाचा मग दोन्ही हातांत धरून
केबिनच्या खिडकीबाहेर बघत राहिला.
"भागाकार बरोबर आहे, पोरी."
मग नऊ का?
"तिथली माती मला आवडत नाही."

आवडीनिवडीचा रकाना
माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.
मला वाटलं, म्हातारा हात राखून बोलतोय.
सगळेच बोलतात.
सुतार दोन दिवस लपवतो, क्रेनवाला अर्धा,
आणि ते लपवलेले दिवस हुडकून काढायचा
मी पगार घेते.
जोखमींच्या यादीत एक ओळ टाकली मात्र:
जमिनीखाली अज्ञात अडथळा.
शक्यता दोन, परिणाम चार.
दोन चोक आठ. आठ म्हणजे पिवळा.
पिवळ्याला कुणी घाबरत नाही.

चौथ्या दिवशी यंत्राच्या दातांना वीट लागली.
मग विटा. मग कमान,
माणूस वाकून जाईल एवढी,
आणि आत पाणी, स्वच्छ, कसलीच घाई नसलेलं,
कुठल्याही नकाशात नसलेलं.
गिरणीची मोरी असणार, इम्रान म्हणाला.
त्याचे आजोबा मिरपूरहून आले ते थेट
तिथल्या रात्रपाळीत उभे राहिले होते.
अ‍ॅक्रॉइड गप्प.
"मी सांगितलं होतं"
हे तीन शब्द म्हणायला त्याला भरपूर सवड होती.
त्याने ती वापरली नाही.

तीन दिवस गेले. मोजून तीन.
मग आम्ही दोन पाळ्या लावल्या, पैसे ओतले,
एकामागून एक व्हायचं ते
शेजारी शेजारी करायला घेतलं,
त्यात एकमेकांच्या पायात पाय आले.
वेळ विकत मिळतो,
फक्त रात्रीच्या दराने.

त्या आठवड्यात मी लाल ओळीत
पाच तास मोकळे सोडले.
लंडनहून फोन: हे पाच तास कशाचे?
मी म्हटलं, इथला वारा मला आवडत नाही.
पलीकडे शांतता.
खिडकीशी कुणीतरी चहात खोकलं.

शनिवारी रात्री डोंगरावरून तो उतरलाच.
जुना गाळा काढलेला, नवा गाळा साखळ्यांत,
दोन्ही बाजूंचे रूळ हवेत तोंड उघडून,
आणि क्रेनवरचा आकडा ताशी तीस मैल.
वीसच्या खाली आल्याशिवाय उचलायचं नाही.
सत्तर माणसं, पिवळी जाकिटं,
कुणी सँडविच खातंय, कुणी नुसतंच बसलंय.
इतक्या माणसांना एकदम मिळालेली सवड
मी आयुष्यात पाहिली नव्हती.
चार तास चाळीस मिनिटं.
मग इम्रानने हात वर केला.

सोमवारी पाच बाराची गाडी गेली.
रिकामीच होती जवळजवळ,
एक बाई डोकं काचेला टेकून झोपलेली.
गंगेत घोडं न्हालं म्हणावं,
तर ही कॅल्डर, घोट्याएवढी.

शेवटच्या नकाशात मी मोरी काढली,
तुटक रेषेने, खोलीसकट,
पुढच्या कुणाच्या तरी भागाकारासाठी.
पाण्याची दिशा म्हणून एक बाण.
अ‍ॅक्रॉइडने चष्मा कपाळावर सरकवला,
कागद उजेडाकडे धरला.
"बाण उलटा आहे," म्हणाला.

मी बाण फिरवला.